ब्रेकमागचं ज्वारीचं पोतं

परवा रात्री साडेबाराला ताईचा फोन. एवढ्या रात्री वाजला म्हणून आधी छातीत धस्स झालं. तर ताई म्हणते, "अरे, तुझ्या भाच्याला सांग की जरा. रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाडी चालवूलालाय. सकाळी कॉलेजला कोण जाणार, मी?"

गाडी म्हणजे काय ते आधी सांगतो. स्क्रीनवर ऑनलाइन गाड्यांच्या शर्यती खेळायचा, घरीच जुळवलेला सेट. या खेळाला सिम रेसिंग म्हणतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमची वेल्डिंगची कामं करणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडून चौकोनी पाइपाची फ्रेम करून घेतली. तिच्यावर भंगारातून आणलेली ओम्नीची सीट. पुढं जुनं, दुसऱ्या हाताचं गिअरवालं स्टिअरिंग आणि खाली तीन पेडल. ब्रेक जोरात दाबला की पेडल पुढं सरकतात, म्हणून पेडल आणि भिंत यांच्यामध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पोतं. पन्नास किलोचं. अख्ख्या सोलापुरात ज्वारीचा असा उपयोग दुसरं कुणी करत नसेल.

आणि रात्रीच का? कारण ऑनलाइन शर्यती युरोपातल्या वेळेनं होतात. लंडनमध्ये संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. तिकडचा पोरगा जेवणाआधी निवांत बसतो. आमचा दिवसभर कॉलेज करून, पाणी यायचा दिवस असला की टाकी-पिंपं भरून, मग बसतो. तासाभराच्या शर्यतीत शेवटच्या दहा मिनिटांत डोळा लागू नये हे त्याचं वेगळंच कौशल्य.

मी ताईला "सांगतो" म्हणालो, पण त्याला काही बोललो नाही. का बोललो नाही, त्यासाठी ही पोस्ट.

गेमर पोरगा खराखुरा रेसिंग ड्रायव्हर झाला, ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. निसान आणि प्लेस्टेशननं २००८ मध्ये 'जीटी अकॅडमी' सुरू केली. प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळा, सगळ्यात वेगवान ठरलात तर खऱ्या गाडीत बसवू. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ. २०११ मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा यान मार्डनबरो जिंकला, सुमारे ९० हजार जणांना मागे टाकून. २०१३ मध्ये हे दोघं, सोबत मायकेल क्रुम, फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी-टू गटात, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या दुसऱ्या वर्गात, तिसरे आले. सोफ्यावरून ल मांच्या पहिल्या तिनात. मी तेव्हा ते वाचून रात्रभर झोपलो नव्हतो.

भारताचं नाव त्या स्पर्धेत पहिल्यांदा आलं २०१४ मध्ये. म्हणजे युरोपातल्या पोरांना सहा वर्षं आधी दार उघडलेलं. आणि २०१६ नंतर स्पर्धाच बंद. मधल्या त्या फटीत मीही शिरायचा प्रयत्न केला होता. मित्राचा प्लेस्टेशन-थ्री, माझं ब्रॉडबँड, आणि उन्हाळा. त्रेचाळीस डिग्रीत कन्सोल इतका तापायचा की आम्ही तो टेबल फॅनसमोर उभा करायचो आणि स्वतः घामात बसायचो. माझा टाइम काही आला नाही. तो दोष मी सोलापूरला देणार नाही, मी तेवढा वेगवान नव्हतोच. भाचा आहे. आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत जे झालं ते मला सलतं.

मागच्या वर्षी एका ऑनलाइन स्पर्धेत तो चौथा आला. देशभरातली पोरं होती. पहिल्या दहांना बेंगळुरूला प्रत्यक्ष फायनल. मेल आला आणि मध्ये चार दिवस. प्रवास आपापला, राहणं आपापलं. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवर राहिलं, शेवटी ट्रॅव्हल्सनं गेला. सकाळी उतरला, तोंड धुतलं आणि थेट मॉलमध्ये. तिथं डायरेक्ट ड्राइव्हचं स्टिअरिंग, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच चाक बसवलेलं, मध्ये गिअर नाहीत की पट्टा नाही. हातातून हिसका मारतं. आणि लोड सेलचा ब्रेक.

परत आल्यावर मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "मामा, ब्रेक दाबूलालो तर दबतच नव्हता की. पहिल्या वळणाला सरळच गेलो."

दहापैकी नववा.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख इथंच आहे. स्वस्त पेडलमध्ये स्प्रिंग असते आणि पेडल किती खाली गेलं एवढंच मोजलं जातं. लोड सेल मोजतो तुम्ही किती जोर लावला ते. खऱ्या रेसिंग कारमध्ये आपल्या घरच्या गाडीसारखा ब्रेकला मदत करणारा बूस्टर बहुतेक वेळा नसतो. साठ-सत्तर किलोचा जोर पायानं लावायचा, फॉर्म्युला वनमध्ये तर शंभरच्या वर. तोही एकदम लावून, मग वळणात शिरताना कणाकणानं सोडत जायचं. वेग सगळा त्या सोडण्यात असतो. हे डोक्यानं शिकता येत नाही, पिंडरीला शिकावं लागतं. आमच्या पोरानं तीन वर्षं पायाला अंतर शिकवलं. ज्यांच्याकडे भारी सेट होते त्यांनी जोर शिकवला. दोघांचे घरचे टाइम सारखे. एका टेबलावर बसवल्याबरोबर फरक उघडा पडला.

तर लोक म्हणतात, गेममध्ये काय, सगळे सारखे. लॅप टाइम तुमचं गाव विचारत नाही. मीही हेच म्हणायचो. आता वाटतं, विचारतो की! फक्त तोंडानं नाही, पायातून विचारतो. इंटरनेटच्या तारेतूनही विचारतो. सर्व्हर लांब असला की तुमची गाडी दुसऱ्याच्या स्क्रीनवर जिथं दिसते तिथं ती नसतेच. तो म्हणतो तू ठोकलंस, तुम्ही म्हणता मी तिथं नव्हतोच. दंड मात्र तुम्हाला. सेफ्टी रेटिंग, म्हणजे न ठोकता चालवण्याचे गुण, खाली. चांगल्या शर्यतीत प्रवेश बंद.

आता आणखी एक गोष्ट, जी या 'गेमर ते ड्रायव्हर' कौतुकाच्या लेखांत शेवटच्या परिच्छेदात लपवलेली असते. नेदरलँड्सचा रूडी फान बुरेन २०१७ मध्ये 'वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर' ही स्पर्धा जिंकून फॉर्म्युला वनच्या मॅकलारेन संघाच्या सिम्युलेटरवर गेला. लहानपणी कार्टिंग केलेला, म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या चालवलेला. इंग्लंडचा जेम्स बाल्डविन, २०२० मध्ये ब्रिटिश जीटी या खऱ्या गाड्यांच्या मालिकेतली आपली पहिलीच शर्यत औल्टन पार्कला जिंकला. त्यानंही कार्टिंग केलेलं. ब्राझीलचा इगोर फ्रागा २०१८ मध्ये ग्रॅन टुरिस्मोची नेशन्स कप जिंकला आणि २०२० मध्ये खऱ्या गाड्यांची टोयोटा रेसिंग सिरीज. तोही कार्टमधूनच वर आलेला. यांचं श्रेय मी कमी करत नाही. पण यांना गेमनं ड्रायव्हर केलं असं म्हणणं अर्धं खरं. पैसे संपले म्हणून अर्ध्यावर सुटलेला हात गेमनं परत धरला, एवढंच. ज्याचा हात कधी स्टिअरिंगपर्यंत गेलाच नाही त्याचं काय?

मार्डनबरोकडे बघा म्हणाल. बघतो. कार्डिफहून सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमचं पुणंसुद्धा त्याहून लांब. ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन, औल्टन पार्क, स्नेटर्टन, एवढ्याशा देशात किती ट्रॅक. जिंकल्यावर त्याला तिथंच गाडी मिळाली, क्लबच्या शर्यती मिळाल्या, लायसन्सच्या पायऱ्या भराभर चढता आल्या. चुका करायला जागा मिळाली. आमच्या पोराला एकच चूक परवडते, आणि ती त्यानं बेंगळुरूत करून टाकली.

मग नकाशा काढा. कोइमतूर, चेन्नई, ग्रेटर नोएडा. देशात कार रेसिंगचे मोठे ट्रॅक म्हणजे मुख्यतः हे. पहिले दोन सोलापूरहून नऊशे किलोमीटरच्या घरात, तिसरा त्याहून लांब. फॉर्म्युला वनमध्ये आजवर दोनच भारतीय धावले, २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंधोक. एक कोइमतूरचा, एक चेन्नईचा. तमिळ माणसाच्या रक्तात पेट्रोल असतं म्हणून नाही. ट्रॅक तिथं, मेकॅनिक तिथं, रविवारी बापाचा हात धरून शर्यत बघायला जायची सोय तिथं. आपल्याकडे कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, आणि बघा, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. घरचं पाठबळ होतं हे खरं, पण ट्रॅकही गावात होता.

कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून सांगतो, हे आपल्याला नवीन नाही. गावोगावी तालीम होती म्हणून गावोगावी पैलवान झाले. लाल माती आधी, मेडल नंतर. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, तरी ते तिथंवर पोचले कारण खेळायला आखाडा होता. नुसत्या वर्गणीनं कांस्य येत नाही. सिम रेसिंगचा आखाडा काय असतो हे मात्र आपण ठरवलेलंच नाही. सध्या ते 'पोराचं खूळ' या खात्यात आहे.

वेगाचं वेड आम्हाला कुणी शिकवायला नको, बरं का. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँ बघत मोठे झालेले आम्ही. लाकडी फळ्या थरथरायच्या, माणूस दोन्ही हात सोडून मारुती चालवायचा, वरून लोक दहाची नोट धरायचे आणि तो येऊन उचलून न्यायचा. माझ्या मते तो माणूस कुठल्याही ट्रॅकवर पहिल्या पाचात आला असता. त्याला कुणी विचारलं नाही. असो.

आता खाली कमेंट येणारच, "आधी पाणी रोज सोडा म्हणावं, मग रेसिंग." मान्य आहे भाऊ. माझ्याही घरी चार-पाच दिवसांआड येतं. पण पाणी आलं नाही म्हणून कुणी पोराला क्रिकेटच्या कोचिंगमधून काढलेलं मी पाहिलं नाही. दुसरी कमेंट येईल, "टॅलेंट असेल तर वाट सापडतेच." ज्यांना सापडली तेच मुलाखत द्यायला येतात, म्हणून तसं वाटतं.

तिसरी कमेंट पुण्याच्या मित्राची असेल, की युरोपवाले आपल्यावर कसा अन्याय करतात. करतात. पण अरे मित्रा, तुमच्या स्पर्धांची फायनल कधी पुण्या-बेंगळुरूच्या मॉलबाहेर ठेवलीत का? युरोपनं तुम्हाला सहा वर्षं उशिरा बोलावलं याचा तुम्हाला राग, आणि आम्हाला तुम्ही चार दिवस आधी मेल करता.

मी सोलापुरात फॉर्म्युला वनचा ट्रॅक मागत नाही. नोएडाला एवढा मोठा बांधला, २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या आणि करावरून घोळ झाला. मला दोन गोष्टी हव्यात. एक, जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याही हॉलच्या कोपऱ्यात दोन सेट, पण ब्रेक लोड सेलचा. गावातल्या पोरांना तासावर बसू द्या. एका चांगल्या जिमच्या दोन ट्रेडमिलच्या खर्चात हे होईल. दोन, जो कुणी ऑनलाइन फेरी घेतो त्यानं फायनलच्या आधी बाहेरगावच्या पोराला एक दिवस त्याच सेटवर सरावाला द्यावा आणि तिकिटाचे पैसे द्यावेत. बक्षिसाची रक्कम थोडी कमी करा, चालेल. नववा आलेला पोरगा सरावानंतर सातवा आला असता की पहिला, मला माहीत नाही. पण मग तो त्याचा नंबर असता.

भाचा या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणा आहे. तो असल्या पोस्ट लिहीत नाही. बेंगळुरूहून आल्यावर आठवडाभर गप्प होता, मग एक दिवस गॅरेजमधून बुलेटचे जुने रबर घेऊन आला. कापून ब्रेकच्या स्प्रिंगमागे एकावर एक बसवले. आता पेडल इतकं कडक झालंय की मी दाबलं तर ओम्नीची सीट मागे गेली. वजनकाटा पेडलवर ठेवून तो किती किलो लागतात ते वहीत लिहून ठेवतो. परवाच्या पानावर अठ्ठेचाळीस होतं.

पुढचा बेत कोल्हापूरचा आहे, एका रविवारी कार्टमध्ये बसायचं. त्या ट्रॅकवर बाहेरच्या पोरांना कधी आणि कितीत चालवू देतात, कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा, मी गाडी घेऊन जाईन त्याला.

आणि हो, रबर बसवल्यापासून एक पोतं पुरेना, सरकायला लागलं. आता दोन आहेत. ताईनं काल पुन्हा फोन केला होता, या वेळी वेगळी तक्रार. घरात शंभर किलो ज्वारी आहे, आणि भाकरीला पीठ नाही. दळायला कुठलं पोतं फोडू, विचारत होती. मी म्हणालो, शनिवारची शर्यत होऊ दे.