परदेशातून: क्लबची किल्ली कोणाकडे?

मायदेशी बधिरांविषयी सध्या तीन वाद चालतात. पहिला, इंडियन साइन लँग्वेजला, म्हणजे आयएसएलला, राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, घालावं की नाही. दुसरा, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, झालेल्या मुलाला हातांची भाषा शिकवावी, की तशी शिकवली तर ते बोलायचा कंटाळा करेल. तिसऱ्याला वाद म्हणणंही अवघड, कारण त्याची दुसरी बाजू मांडायला कोणी पुढे येत नाही: व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल होतात, सबटायटल्स आली, मग बधिरांच्या मंडळाची खोली, तिचं भाडं आणि तिचं वीजबिल हवंच कशाला?

ब्रिटनमधून पाहताना हा तिसरा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे तो कोणी विचारला नाही, परस्पर निकालात निघाला. बधिरांचे क्लब एकामागून एक बंद झाले आणि अनेकांच्या इमारती विकल्या गेल्या.

क्लब म्हणजे काय ते समजायला मुंबईच्या लोकलचा हँडिकॅपचा डबा पाहावा. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात बधिर मंडळी चढतात. कोणाला नोकरी लागली, कोणाचं लग्न ठरलं, कुठल्या कार्यालयात कोणता कागद मागतात, हे सगळं दोन-चार स्थानकांत हातांवर सांगून होतं. गाडीच्या खडखडाटात ऐकणाऱ्यांचं बोलणं अडखळतं, यांचं अडत नाही. उतरलेला माणूस फलाटावरून चालत्या गाडीतल्या मित्राशी उरलेलं वाक्य पुरं करतो, आणि दोन फलाटांच्या मधे रूळ असले तरी गप्पा थांबत नाहीत. बातमी, सल्ला आणि भाषा एकाच ठिकाणी मिळाली की तो क्लब, मग त्याला दारावर पाटी असो वा नसो.

ब्रिटनमध्ये अशा जागांना पाट्या होत्या. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या आधारानं शहरोशहरी बधिरांची मिशनं निघाली. वर प्रार्थनेची खोली, खाली सभागृह, बिलियर्डचं टेबल, असा त्यांचा सर्वसाधारण थाट. ती चालवायचा मिशनर. हा बहुधा ऐकणारा, हातांची भाषा येणारा, अर्धा पाद्री आणि अर्धा समाजसेवक. नोकरीच्या मुलाखतीला तोच दुभाषी, डॉक्टरकडे तोच, न्यायालयात तोच, आणि संध्याकाळी क्लबचं दार उघडणाराही तोच. ज्याची कुंडली त्याला माहीत नाही असा सभासद नसे. उपकार मोठे, आणि त्यांच्याखाली दबणंही तेवढंच मोठं.

याच काळात १८८०च्या मिलान परिषदेनं शाळांतून खुणा हद्दपार करून केवळ तोंडी शिक्षणाचा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्या वाऱ्यालाच उत्तर म्हणून १८९० साली बधिरांची स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आजची ब्रिटिश डेफ असोसिएशन. मिलानच्या त्या ठरावाबद्दल शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हरला.

पुढे मिशनरची कामं वेगळी झाली. मदतीचं काम स्थानिक पालिकांच्या समाजसेवकांकडे गेलं, दुभाष्याचं काम प्रशिक्षित आणि नोंदणीकृत दुभाष्यांकडे. हे योग्यच झालं. दुभाष्याला आज आचारसंहिता आहे, ऐकलेलं बाहेर सांगायची बंदी आहे. नोकरीतल्या दुभाष्याचा खर्च ‘अ‍ॅक्सेस टू वर्क’ ही सरकारी योजना वार्षिक मर्यादेत उचलते, जरी तिचे अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. जून २०२२पासून तातडीच्या ९९९ सेवेला व्हिडिओवरून ब्रिटिश साइन लँग्वेजमध्ये, म्हणजे बीएसएलमध्ये, हाक मारता येते. यातलं काहीही मायदेशी उचलून आणावं, कोणी हरकत घेऊ नये.

भाषेच्या दर्जाच्या वादात मात्र इथला अनुभव नीट वाचायला हवा. बीएसएलला २००३ साली सरकारनं नुसत्या निवेदनातून मान्यता दिली आणि २०२२ साली कायदा केला. त्या कायद्याने सरकारी खात्यांना बीएसएलसाठी काय केलं याचा अहवाल द्यावा लागतो. पण एखाद्या बधिर बाईला दवाखान्यात दुभाषी हवा असेल तर तो या कायद्याच्या जोरावर मागता येत नाही, तिला २०१०च्या समानता कायद्याकडेच जावं लागतं. आपल्याकडेही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेची नोंद आहे आणि दिल्लीतलं आयएसएलचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५पासून उभं आहे. आठव्या अनुसूचीत जागा मिळाली तर आनंदच आहे, पण तिथून तालुक्याच्या दवाखान्यात दुभाषी आपोआप चालत येणार नाही.

आता विक्रीबद्दल. पालिकांनी कामं आपल्याकडे घेतली तसा कामाबरोबरचा पैसाही गेला. क्लबाकडे उरली ती जुनी इमारत, गळकं छप्पर आणि गावाच्या मध्यावरची महागडी जमीन. त्यात सबटायटल्स आली, टाइप करून बोलायचे फोन आले. निवासी बधिर शाळा बंद होऊ लागल्या आणि तिथून दरवर्षी येणारी तरुण मुलं आटली. हे सगळं खरं, आणि यात कोणाचा कट नव्हता. पण इमारत विकायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी सभासदांकडे नव्हताच. मालकी धर्मादाय संस्थेची, तिचे विश्वस्त बव्हंशी ऐकणारे. इंग्लंडमध्ये संस्थेला आपली मालमत्ता विकायची तर सहसा नियामकाची परवानगी लागत नाही, सर्व्हेअरसारख्या पात्र सल्लागाराचा लेखी सल्ला घेतला की पुरतं. पैसा ‘सेवां’कडे वळवला असं सांगितलं जातं. सभासदांकडे वापर होता, किल्ली नव्हती.

सेवा आणि क्लब यांतला हा फरक आपल्याकडच्या चर्चेत हमखास गाळला जातो. सेवा देणाऱ्या संस्थेत बधिर माणूस लाभार्थी असतो, मंडळात सभासद. दोन्ही हवेत, पण एकाच्या हिशेबात दुसऱ्याचं भाडं बसवलं की तंगी आल्यावर आधी मंडळाची खोली जाते.

खोली गेल्यानं एवढं काय बिघडतं? दहातली नऊ बधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे त्यांची मातृभाषा आईकडून यायची सोयच नाही. ती येते मोठ्या बधिर मुलांकडून: शाळेच्या वसतिगृहात, मैदानावर, मंडळात. बीएसएलमध्ये सहा ते दहा या आकड्यांच्या खुणाही शहरागणिक वेगळ्या होत्या, कारण शाळा वेगळ्या होत्या. शाळा मिटल्या तशा त्या खुणा तरुणांच्या हातातून जाताहेत. आपल्याकडेही मुंबई आणि दिल्लीच्या शब्दांत फरक आहे, व्याकरण मात्र बरंचसं एक. समावेशक शिक्षणाच्या नावाखाली एका शाळेत एकच बधिर मूल बसवलं तर ते कोणाकडून शिकणार? दहा हजार शब्दांचा सरकारी आयएसएल कोश उत्तम आहे, पण कोशातून कोणी भांडायला शिकत नाही.

इम्प्लांटबद्दल थोडक्यात. बाहेरचा प्रोसेसर झोपताना आणि अंघोळीला काढावा लागतो, त्याची वायर आणि कॉइल तुटते, वॉरंटी संपली की सुटे भाग घरच्यांच्या गळ्यात पडतात, गोंगाटात ऐकणं अवघडच राहतं. तेवढा वेळ मुलाकडे दुसरी भाषा नको, हा आग्रह माझ्या समजुतीपलीकडचा आहे.

जाता जाता शब्दाचं. मूक हा शब्द बधिर लोकांना खटकतो, कारण आवाज त्यांना असतो आणि भाषाही असते. पण नाव बदलायचं म्हटलं की व्यवहार आडवा येतो. रेल्वेची सवलत वाणी आणि श्रवण हे दोन्ही दोष एकाच व्यक्तीत पूर्णपणे असतील तरच आहे. म्हणजे स्वाभिमानानं ‘बधिर’ म्हणवणाऱ्याला तिकिटाच्या खिडकीवर मूक व्हावं लागतं. मंडळानं नाव खुशाल बदलावं, सभासदांच्या दाखल्यांना हात लावू नये.

मंडळ बधिरांचं आहे की नाही हे नावावरून कळत नाही, सभेत कळतं. समजा सात जणांची कार्यकारिणी आहे, त्यातले दोघे बधिर, आणि एक दुभाषी. अध्यक्ष म्हणतात, ‘कोणाचा आक्षेप? नाही? मंजूर.’ याला तीन सेकंद लागतात. दुभाषी वाक्य ऐकून, समजून, हातावर आणेपर्यंत तेवढाच वेळ गेलेला असतो. बधिर सभासदाला प्रश्न दिसतो तेव्हा ठराव मंजूर झालेला असतो, आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं. उपाय साधा आहे. प्रश्न विचारल्यावर अध्यक्षांनी दुभाष्याचे हात थांबेपर्यंत थांबावं, मग मनात पाचपर्यंत मोजावं. बोलणाऱ्याचं नाव घ्यायच्या आधी त्याच्याकडे बोट दाखवावं, म्हणजे नजर वेळेवर वळते. कागद वाटला की वाचायला वेळ द्यावा आणि त्या वेळात कोणी बोलू नये, कारण डोळे एकाच वेळी ताळेबंदावर आणि दुभाष्यावर राहू शकत नाहीत. ‘आयत्या वेळचे विषय’ हे तर बधिर सभासदाला डावलायचं सभ्य साधन आहे, ते आधी लेखी मागवावेत. सभा तासाच्या पुढे जाणार असेल तर दुभाषी दोन लागतात, दर वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. एकट्यावर दोन तास ढकलले की आधी बारकावे गळतात, मग नकार गळतात, आणि ‘देऊ नये’चं ‘द्यावे’ होतं.

सगळ्यात बरं म्हणजे सभेची भाषाच आयएसएल ठेवावी आणि दुभाषी ऐकणाऱ्यांसाठी असावा. तेव्हा कोणाला किती उशिरा कळतं ते पाहण्यासारखं असतं.

खोली निवडताना भाड्याच्या आधी उजेड पाहावा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असली तर चेहरा काळा पडतो. ट्यूब फडफडत असेल तर तासाभरात डोळे दुखतात. लांब टेबलावर एका बाजूची माणसं एकमेकांना दिसत नाहीत, गोल मांडणी हवी. लाकडी जमिनीवर पाय आपटला की थरथर पोचते आणि सगळे वळतात, सिमेंटच्या फरशीवर ते होत नाही. तिथे दाराजवळच्या दिव्याचं बटण दोनदा दाबायची रीत ठेवावी. आगीच्या इशाऱ्याचा लुकलुकणारा दिवा स्वच्छतागृहातही लावावा, कारण तिथे माणूस एकटा असतो. इथल्या सभागृहांत श्रवणयंत्रवाल्यांसाठी लूपची, म्हणजे माइकचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी, तार बसवून बाहेर पाटी लावतात, आणि बऱ्याचदा अ‍ॅम्प्लिफायर बंद असतो किंवा लूप ऐकायला यंत्राचं बटण ‘टी’वर टाकायचं असतं हे कोणी सांगत नाही. खुणांनी बोलणाऱ्याला लूपचा उपयोगही नाही.

देणगीदारांना मात्र यंत्रंच आवडतात. श्रवणयंत्रं वाटतानाचा फोटो चांगला येतो. पण यंत्र कानात घट्ट बसवणारा, कानाच्या मापाचा साचा, म्हणजे मोल्ड, नसला तर आवाज बाहेर गळतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरतो, यंत्र शिट्टी मारतं आणि मूल ते काढून ठेवतं. लहान मुलाचा कान वाढतो, दर काही महिन्यांनी मोल्ड नवा लागतो. पन्नास यंत्रं देण्यापेक्षा वीस यंत्रं, त्यांचे दोन वर्षांचे मोल्ड आणि सेल दिले तर ती कपाटात जाणार नाहीत.

दुभाष्यांची टंचाई दोन्हीकडे आहे, आपल्याकडे फारच. म्हणून बधिर शाळेचे शिक्षक किंवा बधिर आईबापांची ऐकणारी मुलं हे काम फुकट करतात. आभार मानावेत, पण ओळखावं की शाळेत ज्यांनी छडी धरली तेच सभेत दुभाषी झाले तर मिशनर परत आला. सभासद त्यांच्यासमोर त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही.

नोंदणीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा कायदा इथल्यापेक्षा बरा आहे, हे परदेशात राहूनच कळतं. १८६०च्या कायद्याखाली सात जण संस्था नोंदवू शकतात आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही तिची नोंद होते. कलम ३६प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायला किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपण ज्याला लालफीत म्हणतो, तसा अडसर इथल्या क्लबांपुढे नव्हता.

याच कायद्याची दुसरी बाजू जाचक आहे. निवडणूक झाली की नव्वद दिवसांत विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो राहिला तर शेड्यूल वनवर, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, जुनीच नावं राहतात. नवी बधिर कार्यकारिणी निवडून येते, पण बँक जुन्या विश्वस्तांची सही मागते आणि खातं अडकतं. म्हणून निवडणुकीच्या दिवशीच संमतीपत्रं आणि इतिवृत्ताच्या सह्या घ्याव्यात, अर्ज त्याच महिन्यात द्यावा, आणि सुनावणीला दुभाषी हवा हे अर्जातच लेखी मागावं.

मंडळाच्या घटनेत चार गोष्टी पहिल्या दिवशी घालाव्यात. कार्यकारिणीत किमान दोन तृतीयांश बधिर. बँकेच्या दोन सह्यांपैकी एक बधिर सभासदाची. जागा विकण्याचा किंवा सोडण्याचा ठराव फक्त सर्वसाधारण सभेत, आणि त्याचा मसुदा आयएसएलच्या व्हिडिओत तीस दिवस आधी सर्वांना पाठवलेला. आणि खोलीच्या किल्ल्या दोन: एक अध्यक्षांकडे, दुसरी खोलीच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या सभासदाकडे.