पीटीचा तास बिनधोक कसा काढावा

अभिनंदन! कोकणातल्या एका प्राथमिक शाळेत पीटीचे सर म्हणून तुम्ही रुजू झाला आहात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीला, आणि तोही मुलं शंभराच्या वर असतील तर. पहिली ते पाचवीला तुमच्यासारखा माणूस लागतो हे कायद्याला सुचलेलं नाही. तेव्हा तुम्ही शाळेत आहात हीच कृपा समजा आणि तिची फेड म्हणून घंटा, माईक, मंडप, पोषण आहाराचे तांदूळ उतरवून घेणं ही कामं हसतमुखाने करा. पीटी मधल्या वेळात होतच असते.

पहिल्याच दिवशी साहित्याच्या कपाटाची किल्ली हातात पडेल. कपाट उघडायची घाई नको, आधी जडवस्तू संग्रह नोंदवही उघडा. नोंदवहीत सहा फुटबॉल, कपाटात चार आणि एक सुटं ब्लॅडर, असा हिशेब असेल. मोजून न घेता सही ठोकलीत की उरलेले दोन तुम्ही हरवलेत. यातून घ्यायचा बोध सोपा आहे: चेंडू बाहेर काढायचाच नाही. बाहेर काढलेला चेंडू कुंपणापलीकडे हापूसच्या कलमांत जातो, बागेत राखण्या असतो आणि मोहोर आल्यावर तो चेंडूपेक्षा डहाळी मोजतो. फुटला तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करण्याचा, प्रस्ताव करा, मंजुरीची वाट बघा. कपाटात मात्र चेंडू सुखाने राहतो. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी चढते, शिवण कुजते, पण आकडा जुळतो.

कुणी फारच मागे लागलं तर हवा भरा, पण पंपाची सुई कोरडीच खुपसा. ओली करून हलकेच फिरवत घातली तर व्हॉल्व्ह वर्षभर टिकतो, आणि मग मुलं वर्षभर चेंडू मागतात. कोरड्या सुईने व्हॉल्व्हचं रबर फाटतं, चेंडू मधल्या सुट्टीपर्यंत बसतो. दुसरीच्या मुलांना पाच नंबरचाच फुटबॉल द्या. 410 ते 450 ग्रॅमचा तो गोळा अनवाणी पायाला दोनदा लागला की पोरं आपणहून चिंचेखाली जाऊन बसतात. तीन नंबरचा मिळतो, पण खरेदी समितीला तो खेळण्यातला वाटतो.

आता पावसाळा. कोकणात शाळा आणि पाऊस दोन्ही जूनमध्येच सुरू होतात. इथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक गणपतीच्या आगेमागेपर्यंत पडून घेतो. मैदानाची भातखाचरं होतात. 21 जूनला योग दिन तर पडवीतच. हात पसरून उभ्या मुलाला दीड मीटर जागा लागते आणि पडवी दोन मीटर रुंद असते. चाळीस मुलांना एकाच वेळी सूर्यनमस्कार घाला, म्हणजे पाचव्या स्थितीत मागच्याचं नाक पुढच्याच्या टाचेवर टेकेल. वर पत्रा असेल तर शिट्टी ऐकूच येत नाही. हाताच्या खुणा आधी ठरवून शिकवल्या तर काम भागतं, पण घसा फोडून ओरडण्याने कष्ट दिसतात, आणि मुख्याध्यापकांना कष्ट दिसले पाहिजेत.

पडवीतल्या लाद्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासू नका. एखादा घसरून पडला की ‘पावसात खेळ धोक्याचा’ हे तुमचं म्हणणं सिद्ध होतं आणि चार महिने मोकळे मिळतात. तळहाताएवढ्या कापडी पिशव्या शिवून त्यांत मूठभर चिंचोके भरण्याच्या भानगडीत तर पडूच नका. (तांदूळ भरले तर टोके होतात, चिंचोके बरे टिकतात.) अशा चाळीस पिशव्या वर्गात आल्या की फेकणं-झेलणं, डोक्यावर ठेवून चालणं, पायाच्या बोटांनी उचलणं, सगळं बाकांच्या मधल्या जागेतही होतं. मग पावसाची सबब गेली ना!

उघडीप मिळालीच तर तास 35 मिनिटांचा असतो. चपला काढून रांग लावण्यात सात-आठ, ‘सर, ह्येना माका ढकलल्यान!’ या तक्रारीच्या सुनावणीत चार, पाणी पिण्यात तीन. उरलेल्या वीस मिनिटांत चाळीस मुलांची एकच लांबलचक रांग लावा आणि एकेकाला पळवा. प्रत्येक जण अर्धा मिनिट पळेल आणि साडेएकोणीस मिनिटं पुढच्याच्या दप्तराचा, कानाचा, केसांचा अभ्यास करील. भांडणं तिथेच लागतात, खेळात नव्हे. पाच-पाच जणांच्या आठ रांगा केल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, पण मुलं दमतात आणि पुढच्या तासाला शांत बसतात. मग गणिताच्या बाईंना तुमचा तास मागायला निमित्त उरत नाही आणि दोघांचे संबंध बिघडतात.

बाईंना तास द्यावाच. शिष्यवृत्तीचं वर्ष आहे, भाग मागे पडलाय, पाऊस आहे, शिमगा जवळ आलाय, काहीही कारण चालतं. मस्ती करणाऱ्या पोराला पीटी बंद, ही शिक्षाही मनापासून राबवा. ज्याला एका जागी बसवत नाही त्याला आणखी एक तास बसवून ठेवल्याने तो सुधारतो, असं शाळाशाळांत मानलं जातं.

रस्सीखेच घ्यायची तर बंदरावरून जुना नायलॉनचा दोर फुकट मिळतो, तोच आणा. तो घामाने निसटतो आणि तळवे सोलून काढतो, काथ्याच्या जाड दोराला हे जमत नाही. होडी ओढणाऱ्या घरातली पोरं दोराचा वेढा मुठीला घेतात, त्यांना अडवू नका. वेढा घेतलेला हात दोर निसटला की सुटत नाही आणि मनगट दोराबरोबर जातं. प्रथमोपचाराच्या पेटीत तोवर फक्त लाल औषधाची सुकलेली बाटली ठेवा.

डिसेंबरात स्पर्धा येतात: केंद्र, बीट, तालुका, जिल्हा. आता सगळे तास तुमचेच. खो-खोच्या संघाची बारा मुलं निवडा, बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवा. मैदान 27 बाय 16 मीटरचं, पण ते पावलांनी मोजा. सुतळी, खिळे आणि टेप घेऊन दोन्ही कर्ण सुमारे 31.4 मीटर भरतात का हे पाहणारा माणूस संशयी समजला जातो. मैदान तिरकं झालं की एका बाजूच्या पळतीला जागा जास्त मिळते, तिचा फायदा आपल्याच संघाला होईल हा विचार मात्र व्यर्थ आहे, डाव बदलून समोरचा संघ तिथेच पळायला येतो तेव्हा आठवेल. फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, आदल्या संध्याकाळी मारा. रात्री दव पडतं, पहाटे गुरं फिरतात, सकाळी तुम्हाला ती पुन्हा मारता येते. फक्की संपली तर घर रंगवायची चुनकळी वापरू नका, ती डोळ्यांत गेली तर डोळा भाजतो. एवढी एक सूचना उपरोधाशिवाय वाचा.

खांब सुरूचा, जमिनीवर सव्वा मीटर. साल काढून, रंधा मारून, काचेच्या कागदाने घासायचा असतो, कारण पोर त्याला एका हाताने धरून गर्रकन वळतं आणि कुसळं तळव्यात शिरतात. तुम्ही कुंपणाचा वासा उपटून आणा. जांभ्यात हातभर खड्डा पाडायला पहार आणि अर्धा दिवस लागतो. सड्यावरच्या शाळेत तर कातळच आहे. तिथे तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून खांब उभा करतात, आणि डब्याचा पत्रा नेमका नडगीच्या उंचीला येतो.

संघ पहिल्याच फेरीत हरला तर ‘समोरची मुलं वयाने मोठी होती’ असं सांगावं. जिंकला तर ढाल घेऊन फोटो होईल. मधोमध मुख्याध्यापक, उजवीकडे व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, डावीकडे सरपंच, मुलं खाली मांडी घालून. फोटो तुम्हीच काढायचा आहे. मोबाईल आडवा धरा, नाहीतर सरपंच कापले जातात.