म्यानमारला ‘क्लीन चिट’ दिली कुणी?

परवा आत्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘हे खरं आहे ना रे?’ आत्याने उभी हयात शाळेत इतिहास शिकवला. तिलाही ते पटण्यासारखं वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज होता म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या रोहिंग्या मुस्लिमांबद्दल. त्याचं म्हणणं असं: रोहिंग्या म्हणजे इंग्रजांनी आणून वसवलेले बाहेरचे लोक. २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने फक्त दहशतवाद्यांवर कारवाई केली. मुस्लिम देशांनी आफ्रिकेतल्या गाम्बियाला पुढे करून खटला भरला, पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो फेकून देत म्यानमारला क्लीन चिट दिली. भारत म्यानमारच्या पाठीशी ठाम उभा राहिला. आणि दार उघडं असूनही हे लोक बांगलादेशातून परत जात नाहीत.

सगळ्यात धडधडीत खोटं आहे ते न्यायालयाचं, म्हणून तेच आधी. २३ जानेवारी २०२० रोजी हेगच्या याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्यानमारला अंतरिम आदेश दिला: रोहिंग्यांना वंशसंहाराच्या कृत्यांपासून वाचवा, लष्कराला आवरा, पुरावे नष्ट होऊ देऊ नका, चार महिन्यांत अहवाल द्या आणि पुढे दर सहा महिन्यांनी देत राहा. आदेश एकमताने झाला. सतराच्या सतरा न्यायाधीश. त्यात भारताचे दलवीर भंडारी होते, चीनच्या श्वे हानछिन होत्या आणि खुद्द म्यानमारने आपल्या बाजूने नेमलेले जर्मन न्यायाधीश क्लाउस क्रेस हेही होते. ज्याला म्यानमारने निवडलं त्यानेही म्यानमारविरुद्ध मत दिलं. याला क्लीन चिट म्हणतात?

तो अंतिम निकाल नव्हता, हे खरं. पण पुढे म्यानमारने नेमका हा फॉरवर्डवाला मुद्दाच कोर्टात मांडला, की खरा फिर्यादी मुस्लिम देशांची इस्लामी सहकार्य संघटना आहे, गाम्बिया नुसता मुखवटा. २२ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि खटला पुढे चालू ठेवला. संघटनेचा पाठिंबा होताच, तो कुणी लपवलेला नाही. पण १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारावर म्यानमारची सही आहे आणि गाम्बियाही त्यात सामील आहे. करार मोडला असं वाटलं तर त्यातला कुठलाही देश न्यायालयात जाऊ शकतो. शिवाय गाम्बियाचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू यांनी रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं काम केलं होतं. २०१८ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावणीत रोहिंग्यांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना ओळखीचं वाटलं. ‘गाम्बियाचा काय संबंध’ याचं उत्तर एवढं सरळ आहे.

आता ‘फक्त दहशतवाद्यांवर कारवाई’. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. २५ ऑगस्ट २०१७ रोजी आर्सा या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने पोलिस चौक्यांवर हल्ले केले. त्याच गटाने हिंदू गावकऱ्यांची कत्तल केली. अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या अहवालात बळींचा आकडा ९९ पर्यंत जातो. ते भयंकरच होतं. पण त्याची शिक्षा म्हणून सात लाखांहून अधिक माणसं देशोधडीला लावायची? राखाइनमधल्या इन दिन गावात दहा रोहिंग्यांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं, हे शेवटी लष्करानेच कबूल केलं. सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षभराच्या आत ते सुटले. ही बातमी शोधून काढणारे रॉयटर्सचे दोन पत्रकार मात्र पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात होते. मारणारे आधी बाहेर, सांगणारे नंतर! हेगमध्ये म्यानमारची बाजू मांडताना तिथल्या तेव्हाच्या नेत्या आंग सान सू ची यांनाही म्हणावं लागलं, की काही ठिकाणी प्रमाणाबाहेर बळ वापरलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.

इंग्रजांनी आणलं? इंग्रजांच्या काळात चितगावकडून मजूर आले, हे खरं. पण आराकान, म्हणजे आजचा राखाइन, इंग्रजांकडे गेलं १८२६ मध्ये. स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवणारे मुसलमान तिथे फार पूर्वीपासून राहतात, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर फ्रान्सिस बुकानन यांनी १७९९ मध्येच नोंदवलंय. सत्तावीस वर्षं आधी. इतिहासाच्या बाईंना याहून जास्त सांगायला नको.

भारताचं म्हणाल तर सरकारने म्यानमारवर उघड टीका टाळली, एवढं खरं. पण सप्टेंबर २०१७ मध्येच ‘ऑपरेशन इन्सानियत’खाली बांगलादेशात मदतही पाठवली आणि पुढे राखाइनमध्ये परतणाऱ्यांसाठी २५० घरं बांधून दिली. हे लोक तिथले नाहीतच असं मानलं असतं, तर घरं बांधली कुणासाठी?

राहिलं ते ‘परत का जात नाहीत’. नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९, दोनदा परत पाठवण्याची तयारी झाली. दोन्ही वेळा कुणीही गेलं नाही. १९८२ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं होतं, आणि तो कायदा तेव्हाही तसाच होता. परत नेणाऱ्या बसमध्ये तू चढली असतीस का, आत्या?