सोलापुरात राहून ‘सैराट’ नावडणं

गाजलेला सिनेमा न आवडणारे उगाच शहाणपणा मिरवतात, असं एका लेखात म्हटलंय. मग आमच्या सोलापुरात येऊन ‘सैराट’ आवडला नाही असं म्हणून बघा! दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. म्हणजे घरचंच कार्य. ‘काय बे, लय शाना झाला का?’ हे ठरलेलं उत्तर २०१६ पासून ऐकतोय.

माझी तक्रार साधी आहे. जवळजवळ तीन तासांच्या सिनेमाचा पूर्वार्ध गाण्यांनीच खाल्लाय. लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलेला तो भलामोठा वाद्यवृंद ऐकायला छान (वरातीत मीही नाचलोय), पण पडद्यावर तो प्रत्येक भावना आधीच ओरडून सांगतो. हैदराबादचा भाग मात्र खरा वाटतो. पळून गेलेल्या नायक-नायिकेची भांडणं, त्याचा संशय, झोपडपट्टीतलं बिऱ्हाड. आणि शेवट तर बिनआवाजाचाच! म्हणजे दिग्दर्शकाला हे जमत होतं की. त्यांच्याच ‘फँड्री’त जब्या या पोराने भिरकावलेला दगड मला अजून लागतो. तो सिनेमा थिएटरात जाऊन किती जणांनी पाहिला, हे मला शहाणा म्हणणाऱ्यांना एकदा विचारा.