मागच्या सीटवरचा हिवाळा

मिशिगन राज्याचा वरचा तुकडा मूळ राज्यापासून फटकून विस्कॉन्सिनला जाऊन चिकटला आहे. त्याला अप्पर पेनिन्सुला म्हणतात. त्याचंही एक टोक लेक सुपीरियरमध्ये लांबवर घुसलंय, ते किविनॉ. तिथे आम्ही राहतो. हिला होटनच्या विद्यापीठात नोकरी लागली आणि माझी नोकरी लॅपटॉपमध्ये मावणारी निघाली, त्यामुळे कोणी कोणाच्या मागे जायचं हा प्रश्न चर्चेला आलाच नाही. मागे बसण्याची माझी सवय तिथूनची.

लेक सुपीरियरला तळं म्हणणं हा भूगोलाने केलेला विनोद आहे. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा त्या पाण्याने व्यापली आहे. कॅनडाकडून कोरडा गार वारा निघतो, न गोठलेल्या या पाण्यावरून येताना ओलावा उचलतो आणि किविनॉच्या टेकड्यांना अडला की सगळा माल आमच्या अंगणात उतरवतो. मोहॉक गावापुढे हमरस्त्याच्या कडेला बर्फाची एक उंचच उंच मोजपट्टी उभी केली आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला, त्याची खूण तिच्यावर आहे. म्हणजे साडेबत्तीस फूट. उन्हाळ्यात पर्यटक तिच्याखाली उभं राहून फोटो काढतात आणि हसतात. आम्हीही हसलो होतो. घराचे कागद तोवर सही होऊन गेले होते.

इथे स्नोमोबीलला ‘स्लेड’ म्हणतात. पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि त्यावर बसलेला, एरवी शहाणा असलेला माणूस. १ डिसेंबरला ट्रेल, म्हणजे स्लेडींसाठी राखलेल्या बर्फाच्या वाटा, उघडतात, ३१ मार्चला मिटतात. उरलेले आठ महिने गाव गेल्या हंगामाच्या आठवणी आणि पुढच्या हंगामाचे अंदाज यांवर काढतं. पेट्रोल पंपावर मोटारींच्या रांगेत स्लेडी उभ्या असतात. होटन आणि हँकॉक या दोन गावांमधला उचलपूल दुमजली आहे. खालच्या मजल्यावरून पूर्वी आगगाडी जायची, आता हिवाळ्यात स्लेडी जातात. या गावात स्लेडविषयी मत नसणं म्हणजे पुण्यात मिसळीविषयी मत नसणं.

हिने पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांची स्लेड चालवून पाहिली आणि परत आली ती डोळे चमकावतच. ऐन सहाच्या सुमारास टिळक रस्त्यावरून स्कूटर काढलेल्या बाईला हरणं, झाडं आणि उतार यांची काय मातब्बरी? समोरून येणारे सगळे खरोखरच आपापल्या उजव्या बाजूने येतात, याचंच तिला अप्रूप.

मी सावधपणे अभ्यासाकडे वळलो. या यंत्राचा इतिहास वाचताना मला माझा माणूस सापडला. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावचा कार्ल इलायसन. त्याच्या पायात दोष होता, बर्फातून शिकारीला निघालेले मित्र पुढे निघून जायचे आणि हा मागे राहायचा. शेवटी १९२४ साली त्याने लाकडी घसरगाडीला इंजिन जोडलं. मागे राहणाऱ्या माणसाने लावलेला हा शोध पुढे निघून जाणाऱ्यांनी बळकावला, असं माझं मत आहे. क्वेबेकच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिएची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होते आणि त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला इस्पितळात नेता आलं नाही. मूल गेलं. बर्फावरून चालणारं वाहन करण्याच्या मागे तो आधीपासूनच होता, पण त्यानंतर त्याने ते काम सोडलं नाही. १९५९ मध्ये त्याची छोटी, हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली.

ही गोष्ट मी घरी सांगायला नको होती. “बघ,” ही म्हणाली, “उद्या तुला मध्यरात्री काही झालं आणि रस्ता बंद असला तर?” मला काही होण्याचा सगळ्यात मोठा संभव स्लेडवरच आहे, हा माझा मुद्दा इतिवृत्तात नोंदवला गेला नाही. आठवड्याभरात सेकंडहँड, दोघांची सीट असलेली स्लेड दारात आली. दोघांची सीट हिने मुद्दाम माझ्यासाठी शोधली होती.

बसण्याआधी कपडे. आतून घाम शोषणारा थर, त्यावर लोकरीचा, त्यावर छातीपर्यंत येणारी जाड विजार, त्यावर कोट, डोक्याला फक्त डोळे उघडे ठेवणारी टोपी, तिच्यावर हेल्मेट, आणि बोटांची ओळख विसरायला लावणारे हातमोजे. हे सगळं चढवायला अर्धा तास लागतो. चढवून झालं, हेल्मेटचा बंद लागला, की निसर्ग हाक मारतो. ही हाक घरात असताना कधीच येत नाही. तिच्यासाठी दाराशी, बुटात पाय घालण्याच्या नेमक्या क्षणी वेळ राखून ठेवलेली असते.

चालवणाऱ्याची मजा वेगळी. उजव्या अंगठ्याशी वेग, डाव्या मुठीत ब्रेक, दोन्ही मुठी विजेवर गरम. समोर पांढरं जंगल. मागच्याच्या वाट्याला पुढच्याची पाठ येते. वळण कधी येणार हे त्या पाठीवरून ओळखायचं असतं. ट्रेलवर भरधाव स्लेडींनी पाडलेले उंचवटे असतात. चालवणारा ते आधी पाहतो आणि पाय ताठ करून किंचित उठतो. मागच्याला ते आकाशात गेल्यावर कळतात. “घाबरू नकोस, मला धर,” असं ही ओरडते. मी तिला केव्हाचा धरलेला असतो, तिला फक्त पाच थरांतून ते जाणवत नाही.

शिवाय हाताच्या खुणा. समोरून स्लेडींची रांग आली की तिच्यातला प्रत्येक जण आपल्या मागे आणखी किती जण आहेत ते बोटांनी दाखवतो. दोन बोटं म्हणजे मागे दोघं. सगळ्यात शेवटचा असतो तो नुसती मूठ वर करतो, म्हणजे ‘संपलं, मागे कोणी नाही’. पद्धत शहाणपणाची आहे, कारण वळणापलीकडून आणखी कोणी अंगावर येणार की नाही ते आधी समजतं. आमची स्लेड रांगेत कायम शेवटी, आणि हिचे हात गुंतलेले. तेव्हा मूठ दाखवायचं खातं माझ्याकडे आलं. रस्त्यात समोरून येणाऱ्या धडधाकट, अनोळखी पुरुषांना मी एकामागून एक मूठ दाखवत जातो आणि ते खुशीने मान हलवतात. साताऱ्यात याचे परिणाम निराळे झाले असते.

पण ट्रेलवरचा जाच काहीच नाही. खरा जाच क्लबचा. स्लेड घेतली की क्लबचं सभासद व्हायचं, हे इथे गृहीतच असतं. पहिल्या सभेला गेलो आणि अर्ध्या तासात ओळख पटली: हे आपलं गणेश मंडळ आहे. मूर्ती नाही, एवढाच फरक. वर्गणी आहे, पावतीपुस्तक आहे, नुसते मिरवणारे आहेत आणि राबणारे वेगळे आहेत. सात वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा खर्चावरून एकमेकांशी न बोलणारे दोन जण आहेत आणि ते शेजारीशेजारीच बसतात. मोठ्या रकमेची खरेदी दोन मिनिटांत मंजूर होते आणि कॉफीचं यंत्र दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं यावर दीड तास जातो. अध्यक्षांना चार वर्षांपासून पद सोडायचं आहे आणि त्यांना कोणी सोडू देत नाही. निम्म्या सभासदांचे गुडघे स्लेडवर बसण्याच्या पलीकडे गेले आहेत. तरी ते एक सभा चुकवत नाहीत. घरी तरी काय करायचं? पाच वाजता तिन्हीसांजा होतात.

सभेत ही पुढच्या रांगेत बसून ट्रेलच्या नकाशावर बोलत होती. मी मागे, दाराजवळ. स्वयंपाकघराचं दार नेमकं तेच होतं. अशा रीतीने मी पॅनकेक समितीत आलो.

पॅनकेकची न्याहारी हे क्लबचं उत्पन्नाचं साधन. शनिवारी भल्या पहाटे टाउनशिपच्या हॉलमध्ये भलामोठा तवा तापतो. सात वाजता दार उघडलं की हेल्मेट काखेत धरलेली माणसं आत येतात, त्यांच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर डबकी होतात आणि ती पुसण्याचं काम ज्याच्या हातात उलथनं नाही त्याच्याकडे जातं. म्हणून मी उलथनं सोडत नाही. मला तव्याचा हात आहे हे मलाही तिथेच कळलं. घावनं घालणाऱ्या आजीचा नातू आहे मी शेवटी.

समितीच्या प्रमुख एक ऐंशीच्या घरातल्या बाई आहेत. त्यांचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले. असे इथे घरोघर. बाई प्रत्येक न्याहारीला निसू आणतात. निसू म्हणजे वेणीसारखा गुंफलेला गोडसर पाव, भरपूर वेलची घातलेला. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि वेलचीचा एक दाणा तळहातावर ठेवून ही काय चीज आहे, ती कशी फोडायची, कुटल्यावर वास कसा दरवळतो आणि पूड विकत का घेऊ नये, हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. आमच्या फिनिश लोकांची ही खासियत, तुला सवय नसेल, जरा जपून खा, असंही म्हणाल्या. मी जपून खाल्लं. एवढ्या प्रेमाने सांगणाऱ्या माणसाला केरळचा नकाशा दाखवणं माझ्या जिवावर आलं.

पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हेही तव्याजवळच समजलं. स्लेडवाले ट्रेलचा परवाना विकत घेतात, ती रक्कम राज्याच्या निसर्गसंपदा खात्याकडे जाते आणि तिथून ट्रेल राखण्यासाठी क्लबांना अनुदान मिळतं. बाकीचं क्लबने पॅनकेकवर भागवायचं. राज्यभर असे ६,००० मैलांहून अधिक ट्रेल आहेत. शरद ऋतूत फांद्या छाटायच्या, नारिंगी चौकटीच्या खुणा झाडांवर आणि खांबांवर ठोकायच्या, आणि बर्फ पडू लागला की ग्रूमर फिरवायचा. ग्रूमर म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे पात्यांचा लांबलचक सांगाडा. पाती उंचवटे कापतात, खड्डे भरतात आणि मागचा तवा सगळं दाबून सपाट करतो. हे काम रात्री करायचं, कारण दाबलेला बर्फ घट्ट व्हायला काही तास गारठा आणि शांतता लागते. एका रात्री चालकाला सोबत म्हणून मला पाठवलं. सायकलच्या वेगाने, काळ्या जंगलातून, पहाटेपर्यंत. चालक अबोल. सगळ्या वाटेत तो दोनच वाक्यं बोलला. एक, “ते घुबड.” दुसरं, परतताना मागे वळून गुळगुळीत ट्रेलकडे बघत, “सात वाजता येतील मेले.”

२०२३-२४ चा हिवाळा कोरडाच गेला. आमच्या भागात जानेवारीतही बर्फातून गवत डोकावत होतं. शर्यती रद्द झाल्या, मोटेलं रिकामी राहिली. मला मनातून सुट्टी मिळेल असं वाटलं होतं, पण स्लेड चालवता येत नाहीत म्हटल्यावर अख्खा गाव न्याहारीलाच येऊन बसला. आयुष्यात एवढे पॅनकेक मी कधी घातले नव्हते.

आता माझ्या बढतीविषयी. जुन्या रेल्वेमार्गांवरचे ट्रेल सार्वजनिक आहेत. खाणी बंद पडल्या, रूळ उखडले, वाट राहिली. पण मधले जोडरस्ते लोकांच्या खासगी जमिनीतून जातात आणि ते मालकाच्या मर्जीवर चालतात. एका माणसाने नाही म्हटलं की तिथे साखळी लागते आणि अख्ख्या ट्रेलला दुसरी वाट शोधावी लागते. असे एक मालक रुसले होते. कोणी तरी टवाळ पोरांनी ट्रेल सोडून त्यांच्या नव्या लावलेल्या पाइनच्या रोपांवरून स्लेडी नेल्या होत्या. त्यांची समजूत घालायला अध्यक्ष निघाले. बरोबर कोणी तरी हवं म्हणून मी. अध्यक्षांची पिकअप बंद पडलेली, तेव्हा स्लेडवर. मी अर्थातच मागे.

पोचलो तेव्हा माझा जबडा गोठला होता. हा अलंकार नव्हे. हेल्मेटची काच नीट बसली नव्हती आणि ओठ हलत नव्हते. मालकांनी दार उघडलं, आत घेतलं, कॉफी ओतली. अध्यक्ष बोलू लागले. क्लबची परंपरा, गावाचा व्यवसाय, तरुण पिढी, दिलगिरी, नव्या रोपांचा खर्च. मालक कपाकडे बघत राहिले. अध्यक्ष आणखी बोलले. मी तोंड उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून मान हलवली आणि खिडकीबाहेरच्या चिरडलेल्या रोपांकडे बघत बसलो. बराच वेळ गेला. मग मालकांनी कागद ओढला, सही केली आणि माझ्याकडे बोट दाखवून अध्यक्षांना म्हणाले, “पुढच्या वर्षी यालाच पाठवा. हा समजूतदार आहे.”

पुढच्या सभेत टाळ्यांच्या गजरात माझी जमीनमालक संपर्कप्रमुख म्हणून नेमणूक झाली. अध्यक्षांनी हट्टी मालकांची यादी माझ्या हाती ठेवली. घरी आल्यावर मी हिला म्हटलं, “अगं, मला या माणसांशी काय बोलायचं ते काहीच ठाऊक नाही.”

“घरी काय करतोस?” ही नकाशातून मान वर न काढता म्हणाली. “तेच करायचं.”