नवा ॲक्सल ‘सेट’ होत नसतो

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. गोषवारा असा: नवा ॲक्सल टाकला की थोडा आवाज येणारच, हजारेक किलोमीटरमध्ये तो ‘सेट’ होतो, वळताना कटकट वाजली म्हणजे ॲक्सल गेलाच, बूटमध्ये (टोकाच्या रबरी आवरणात) दाबून ग्रीस भरलं की आवाज बंद, एका बाजूचा बदलला की दुसऱ्याही बाजूचा बदलावा, आणि कंपनीच्या डब्यातला सोडला तर बाकी सगळा माल भंगार. ठणकावून लिहिलंय, म्हणून पटतंही.

‘सेट होतो’ हे यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. मारुती 800, झेन, सँट्रो, जुनी स्विफ्ट या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या. (ओम्नीवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, तिला जोर मागच्या चाकांतून मिळतो.) यांच्या ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सचा जोर चाकाला नेणारी दांडी, मजकुरातला ‘ॲक्सल’ तो हाच) चाकाकडच्या टोकाला सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही एकसारखा फिरणारा सांधा, असतो: सहसा सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरणारा पिंजरा, आणि आत-बाहेर कडक करून मापात घासलेल्या खोबणी. आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने 1920च्या दशकात बसवलेली ही रचना 1959च्या ब्रिटिश मिनी मोटारीमुळे छोट्या गाड्यांत रुळली. असा जॉइंट बसवल्या दिवशी जेवढा शांत, तेवढा पुन्हा कधीच नसतो. पुढे होते ती फक्त झीज.

हजार किलोमीटरचा आकडा बहुधा जुन्या इंजिनांवरून उचललाय. पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या जमान्यात नव्या किंवा बोअर केलेल्या इंजिनाला ‘रनिंग इन’ असायचं, मागच्या काचेवर तसा कागद चिकटवून लोक गाडी हळू हाकायचे. तिथे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसत. इथे तसं बसण्यासारखं काही नाही.

मग शाफ्ट टाकल्यावर आवाज येतो तो कशाचा? बऱ्याचदा तो शाफ्टचा नसून बसवण्याचा असतो. रत्नागिरी-मालवणपासून मुंबईपर्यंत खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा जुना शाफ्ट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) गंजून जाम होतो. पुलर (ओढून काढायचं हत्यार) न लावता मेस्त्री त्यावर हातोडा घालतो. शाफ्ट निघतो, पण तो मार हब बेअरिंगने खाल्लेला असतो. दोन-चार दिवसांत घूंऽऽ सुरू होतं आणि शिव्या नव्या शाफ्टला बसतात.

दुसरं, ॲक्सलचा मोठा नट. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा नट फक्त शाफ्ट धरत नाही, बेअरिंगवरचा दाबही त्याच्यावरच ठरतो. म्हणून तो टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा असतो. हवेच्या गनने ‘कडक झाला’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. पंचने ठोकून लॉक करायचा नट असेल तर नवाच लावायचा. नट ढिला किंवा स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते गंजके-कोरडे राहिले की रिव्हर्समधून पहिल्यात गाडी उचलताना एकदाच ‘टक्’ वाजतं. एकदाच, हे महत्त्वाचं. चाकाकडचा झिजलेला जॉइंट एकदा वाजून थांबत नाही.

तिसरं गिअरबॉक्सकडच्या टोकाचं. तिथली गोल लॉकरिंग खाचेत बसली नाही तर शाफ्ट आत गेल्यासारखा दिसतो, पण अडकलेला नसतो. तपासायचं तर आतल्या जॉइंटची वाटी धरून बाहेर ओढून बघा. मधली दांडी धरून ओढू नका, आतला ट्रायपॉड (तीन रोलरांचा भाग) वाटीतून सुटू शकतो. ऑइल सीलजवळ ताजं ओलं दिसलं तरी शंका घ्या. साध्या डिफरन्शियलच्या (जोर दोन चाकांत वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत एक शाफ्ट निसटला की दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही. इंजिन नुसतं गुरगुरतं. खंबाटकी किंवा कशेडी उतरताना हे झालं तर इंजिन ब्रेकिंगही गेलं, आणि गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडी हँडब्रेकशिवाय थांबणार नाही. हजार किलोमीटर वाट बघायला सांगणाऱ्याने याचा विचार केलेला दिसत नाही.

आता कटकट. वळताना कटकट म्हणजे ॲक्सल, हे अर्धं खरं आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये जोर देत मोकळ्या मैदानात गोल फिरलात, आणि चाकाच्या वेगाबरोबर कट-कट-कट जलद होत गेली, पाय काढल्यावर मंदावली किंवा थांबली, तर बाहेरचा जॉइंट झिजलाय असं धरा. कुठल्या बाजूचा, हे मात्र कानावर सोडू नका, कारण वळताना दोन्ही जॉइंट वाकतात. खाली वाकून बघा: ज्या बाजूचा बूट फाटलाय आणि रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेत, तो संशयित. याउलट गाडी उभी ठेवून नुसतं स्टिअरिंग फिरवताना कटकट येत असेल तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगकडे जा. खड्ड्यात खट् वाजत असेल तर लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट बघा. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर न्यूट्रलमध्ये टाकूनही तशीच राहिली तर बेअरिंग किंवा टायर. तेव्हा चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना स्प्रिंगमधून लागते.

आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, जॉइंट गेला तर अशी कटकट सहसा येत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, पाय काढला की थांबते. शाफ्ट बदलूनही तेच राहिलं तर इंजिनाचं माउंटिंग बघा, गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. ते खचलं की इंजिन सरकतं आणि आतला जॉइंट त्याच्या जागेपासून ढळतो. गाडी ‘उचलून’ घ्यायला स्प्रिंगमध्ये रबरी बफर किंवा स्पेसर घातले असतील तर तेही काढून बघावं. जॉइंट सरळ रस्त्यावरही वाकड्या कोनात चालत असेल तर नवा कोरा शाफ्टदेखील तक्रार करणारच.

ग्रीसचा सल्ला मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या जुन्या प्रोपेलर शाफ्टवरून आलेला वाटतो. तिथल्या क्रॉसला (सांध्याच्या फुलीला) निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असायचं, गनने ग्रीस मारलं की किरकिर बंद. सीव्ही जॉइंट बंद डब्यासारखा आहे. किटमध्ये येणारी पुडी मोजून दिलेली असते, बाहेरच्या जॉइंटला मोलिब्डेनमवालं काळं ग्रीस लागतं, आणि आतल्या ट्रायपॉडचं ग्रीस वेगळं असू शकतं. दुकानातलं साधं ग्रीस त्यात मिसळू नये. दाबून भरलं की बूट फुगतो, क्लॅम्पजवळून गळतो, कधी फाटतो. झिजलेल्या खोबणीला ग्रीसने थोडे दिवस उसंत मिळते हे खरं. पण बूट फाटल्याचं लवकर दिसलं आणि कटकट अजून सुरू झालेली नसेल, तर जॉइंट खोलून, धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मजकुरात नेमका तोच नाही.

दोन्ही बाजू एकदम बदला, हे ब्रेक पॅडला लागू. शाफ्टना नाही.

राहिला कंपनीचा डबा. मोटार कंपन्यांना शाफ्ट पुरवणाऱ्या जीकेएन, एनटीएनसारख्या कंपन्या आहेतच, त्यामुळे कारखानदाराचं नाव बघा, डब्याचा रंग नको. भीती वाटावी ती जुना देऊन मिळणाऱ्या ‘एक्स्चेंज’च्या शाफ्टची, जिथे झिजलेल्या खोबणी पुन्हा घासून मोठ्या गोळ्या घातलेल्या असतात. त्यातले काही नीट चालतात, पण बाहेरून ओळखता येत नाही. पुण्याच्या नाना पेठेतून आणा की कुर्ल्याहून, जुना शाफ्ट लगेच देऊन टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवून लांबी मोजा, दोन्ही टोकांचे दाते मोजा, सील बसते तिथली जाडी बघा. एबीएसची (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग जॉइंटवर असेल तर तिचेही दाते मोजा. ते चुकले तर आवाज येणार नाही, डॅशबोर्डवर दिवा लागेल. जुन्या लांब शाफ्टवर थरथर शोषणारा रबराचा जाड डॅम्पर असेल आणि नव्यावर नसेल तर शाफ्ट परत करा. डॅम्पर नसलेल्या शाफ्टचा गुणगुणाट ठरावीक वेगाला येतो आणि तो कितीही किलोमीटर चालवलात तरी जात नाही.