दीड क्लिक

"काका, श्वास आत नका घेऊ. बाहेर सोडा. सगळा."

हेच वाक्य डॉक्टरांनी ऐकवलं असतं तर मी फी देऊन मुकाट्याने घरी आलो असतो. ऐकवलं ते नऊएक वर्षांच्या एका पोराने, भर दुपारी, रोलर कोस्टरच्या दाराशी मांडून ठेवलेल्या एका सुट्या खुर्चीपाशी. त्या खुर्चीत मी होतो. माझ्या पोटावर एक दांडा अडकला होता आणि माझ्या मागे रांग होती. या गोष्टीला आज चार दिवस झाले. अजूनही रात्री कूस बदलताना त्या दांड्याचा 'क्लिक' ऐकू येतो. म्हणजे खरं तर येत नाही. तीच तर तक्रार आहे.

थोडक्यात सांगतो. बायको, मुलगी, मेहुणा आणि मी, असे चौघे मिळून रोलर कोस्टरची सहल काढणार होतो. अमेरिकेत उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि पाच दिवसांत तीन पार्क करायचे. आधी ओहायोत मेसनचं किंग्ज आयलंड, मग उत्तरेला तीनेकशे किलोमीटरवर सँडस्कीचं सीडर पॉइंट, तिथून पूर्वेला पिट्सबर्गजवळचं केनीवूड. तक्ता मी केला होता. अकरा रकान्यांचा. त्यात 'द बीस्ट' रात्री शेवटची होती, कारण १९७९ सालची ती लाकडी कोस्टर २,२४३ मीटर लांब आहे, झाडीतून जाते आणि अंधारात पुढचं वळण दिसत नाही. 'मिलेनियम फोर्स' ३१० फूट उंच, म्हणून ती गेट उघडल्या उघडल्या, रांग लागायच्या आत. 'स्टील व्हेंजन्स'वर मोबाइल खिशातून उडू नये, म्हणून 'मोबाइल कोणाकडे' असाही एक रकाना. मेहुण्याला घाटात मळमळतं, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, म्हणून त्याच्या नावापुढे मी प्रत्येक राइडसमोर एकच शब्द लिहिला होता: पर्स. सगळ्यांच्या पर्स, पिशव्या, चष्मे, टोप्या त्याने खाली उभं राहून सांभाळायच्या.

हा शब्द लक्षात ठेवा.

"एवढे पैसे घालायच्या आधी जवळपासच्या एखाद्या पार्कात बसून तरी बघू या, झेपतंय का," असं बायको म्हणाली. झेपण्याचा प्रश्न काळजाचा असेल, अशी माझी समजूत होती. पोटाचा असेल, हे तक्त्यात नव्हतं.

तर ती खुर्ची. मोठ्या राइडच्या दाराशी गाडीतल्यासारखीच एक खुर्ची ठेवलेली असते. आपण त्यात मावतो की नाही, हे तासभर रांगेत उभं राहण्याआधीच कळावं म्हणून. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमला निदान पडदा असतो. इथे खुर्ची चौथऱ्यावर, चौथरा वाटेवर आणि वाट आइस्क्रीमच्या गाडीकडे जाणारी. म्हणजे ज्यांना राइडशी काही देणंघेणं नाही, तेसुद्धा कोन चाटत चाटत आपल्याकडे बघून जाणार. बायको बसली, क्लिक क्लिक, उठली. मुलगी बसली, क्लिक क्लिक, उठली. मी बसलो, दांडा ओढला. क्लिक.

"दोन लागतात," बाजूने आवाज आला.

बाजूच्या कठड्यावर तो पोरगा बसला होता. डोक्यावर उलटी टोपी, गळ्यात दोरीने बांधलेली वही, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. इथला कर्मचारी वाटावा इतका निवांत. खरी कर्मचारी मुलगी तिथे होती, पण तिने माझ्याकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा च्युइंग गम चघळू लागली.

मी जोर लावला. कसलासा अर्धवट आवाज झाला.

"झालं," मी म्हणालो.

"दीड झालंय, काका."

"दीड कसं होईल? क्लिक एक तर होतं नाहीतर होत नाही."

"होतं. 'क्लि' झालं. 'क' नाही झालं."

रांगेत कोणीतरी हसलं. मी मागे वळून बघणार होतो, पण दांडा वळू देईना.

मग तो कठड्यावरून उतरला आणि श्वास सोडायचा तो सल्ला त्याने दिला. मी श्वास सोडला. "अजून आहे," तो म्हणाला. मी उरलेला सोडला. "आता ढुंगण मागे सरकवा, पाठ टेकवा आणि दांडा खाली नाही, खाली आणि आत ढकला." हे सगळं तो हातवारे करून दाखवत होता. विमानतळावर विमान जागेवर आणणारा माणूस करतो, अगदी तसे. मी सरकवलं, टेकवलं, ढकललं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दांडा जिथे होता तिथेच.

"पोटावर बसलाय ना तो," त्याने रांगेला समजावलं. मला नव्हे, रांगेला. "मांडीवर बसायला हवा. वरून गाडी खाली जाते तेव्हा आपण सीटवर नसतोच, उचलले जातो. त्याला एअरटाइम म्हणतात. तेव्हा मांडी धरलेली पाहिजे. पोट दबतं, मांडी दबत नाही. दांडा पोटावर असला आणि पोट दबलं की मधे फट पडते. मग माणूस..." आणि त्याने तळहाताने एक छोटीशी उडी करून दाखवली. आइस्क्रीमवाल्या एका आजींनी "अगं बाई" म्हटलं.

च्युइंग गम थांबला. "नेक्स्ट," ती मुलगी म्हणाली.

दिवसभरात माझ्याशी अधिकृतपणे बोलला गेलेला हा एकमेव शब्द.

बायकोने "आम्हीही नाही जात" असं एकदा म्हटलं. एकदाच. मी "छे छे, तुम्ही जा" म्हणालो, कारण तसंच म्हणायचं असतं. आणि ती गेली! मुलगी तर आधीच आत पोचली होती. मग मेहुणा, तोच तो घाटात मळमळणारा, म्हणाला, "भावजी, आता तुम्ही खाली आहातच, तर मी जाऊन येऊ का?" आणि माझ्या हातात पर्स, पिशवी, दोन टोप्या आणि स्वतःचा चष्मा ठेवून तो दोन क्लिकांत आत गेला. आयुष्यभर जेवायला दोनदा वाढून घेतो, पण अंगाला काही लागत नाही त्याच्या. असो.

मी कठड्यावर पोराशेजारी बसलो. दुसरी जागा नव्हती.

"तू का नाही जात?" मी विचारलं. मनात थोडं खवचटपण होतं, कबूल करतो.

"१४० सेंटिमीटर लागतात. मी साडेछत्तीस." त्यातले शंभर त्याने गृहीत धरले होते. "पण माझं आपोआप होईल," असं म्हणून त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढचं वाक्य बोलला असता तर बरं झालं असतं.

वहीत त्याच्या कोस्टरची यादी होती. आजवरच्या तेवीस. "याला क्रेडिट म्हणतात. प्रत्येक वेगळ्या कोस्टरचं एक. त्याच कोस्टरमध्ये दोनदा बसलं तर धरत नाहीत. तुमची किती?"

मी आठवून पाहिलं. लहानपणी जत्रेत अळीच्या आकाराची एक गाडी गोल फिरायची, वर-खाली होत. ती सांगितली.

"अळीवाली धरतात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'काका – १' असं लिहून ठेवलं. का लिहिलं, कोण जाणे.

इथे माझी मोठी चूक झाली. आपण काही अगदीच हे नाही, असं दाखवायला मी मोबाइल काढून त्याला माझा तक्ता दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला आणि तपासायला घेतलेल्या पेपरासारखा वाचला.

"शनिवारी सीडर पॉइंट?" त्याने मान वर केली. "कोणी केलंय हे?"

"का?"

"शनिवारी कोण जातं? मंगळवार-बुधवारी जायचं. आणि हे काय, 'प्रत्येक राइडला ४० मिनिटं'? गाड्या किती सोडल्यात, त्यावर असतं ते. दोन गाड्या असतील तर रांग सरकते. एकच असेल तर ती अख्खी फिरून येईपर्यंत सगळे थांबतात. आणि जोरात पाऊस आला तर बंद. वारा आला तर उंचवाली बंद. पावसाचा रकाना कुठाय?"

नव्हता. अकरा रकाने होते आणि पावसाचा नव्हता.

तेवढ्यात चढणीवर गाडी टक-टक करत वर जायला लागली. त्यात आमची माणसं होती. "साखळीचा आवाज," मी म्हणालो. काहीतरी तरी मला येतं हे दाखवायला.

"नाही. गाडीखाली खीळ असते, ती दात्यांवरून एकेक पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे येत नाही. तुमच्या दांड्यातपण तसंच असतं, खाच आणि खीळ. म्हणून तर क्लिक होतं." क्षणभर थांबून तो म्हणाला, "बाहेरच कळलं ते बरं झालं. गाडीत बसल्यावर कळलं असतं तर सगळ्यांदेखत उतरायला लागलं असतं. मग गाडी सुटायला उशीर. रुळांच्या एका टप्प्यात एकच गाडी सोडतात ना, त्यामुळे मागची गाडी बाहेरच अडकते. त्यातली माणसं ओरडतात."

म्हणजे माझ्या पोटामुळे वाहतूक खोळंबली असती.

घरी येऊन मी या दांड्याचं मूळ शोधत बसलो. अपमानाचा उगम सापडला की जरा बरं वाटतं. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसन यांनी जी गाडी सुरू केली, तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. कडेला तोंड करून बाकावर बसायचं आणि घरंगळत जायचं. पोट केवढंही असो. मग १९१९ साली जॉन मिलर यांनी रुळाला खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. तोवर गाडी रुळावर एका अर्थी नुसती ठेवलेली असायची, जोरात उसळली तर वर उचलली जायची, म्हणून उतार बेताचे ठेवावे लागत. चाकाने रूळ खालून पकडल्यावर गाडी सुटायची भीती गेली. भीती गेली तशी उंची वाढली, वेग वाढला. गाडी रुळाला घट्ट, मग हवेत कोण उचललं जाणार? आतला माणूस. म्हणून दांडा घट्ट झाला, म्हणून खुर्ची आली, म्हणून मी. एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी एक चाक जास्तीचं लावलं आणि त्याचं बिल माझ्या पोटावर फुटलं.

सुरक्षेबद्दल माझी तक्रार नाही. दांडा बसला नाही तर नका नेऊ, कोण म्हणतंय न्या? पण पार्काच्या जाहिरातीत दहा हसरे चेहरे असतात. त्यांत एकही पोट नसतं. तिकीट काढताना उंची-वजनाबद्दल कोणी चकार शब्द विचारत नाही. मी आणि तो पोरगा, दोघांनीही पूर्ण दिवसाचं तिकीट काढून कठड्यावर बसायचं. आमच्या डोळ्यांसमोरून जादा पैसे भरलेली मंडळी वेगळ्या दारातून, तासभराच्या रांगेला वळसा घालून, हात हलवत आत जात होती. त्यांतल्या दोघांचं पोट माझ्याइतकंच होतं, मी नीट पाहिलं. त्यांना त्या खुर्चीत कोणी बसायला सांगितलं नाही. आत पुढे काय झालं माहीत नाही, पण निदान आइस्क्रीमवाल्या आजींसमोर झालं नाही.

निघताना पोराने मला हाक मारली. "काका, एक आहे तुमच्यासाठी." वही उघडून त्याने एक नाव दाखवलं. 'लीप द डिप्स'. पेनसिल्व्हेनियात, अल्टूना गावात. "१९०२ची. अजून उभी असलेल्या कोस्टरमध्ये जगातली सगळ्यात जुनी. तिला खालचं चाक नाही. बेल्ट नाही, दांडा नाही. काहीच नाही." आणि थोडं थांबून, "चालू आहे का ते आधी फोन करून विचारा. तक्त्यात घाला तसा रकाना."

मी घरी येऊन खरंच तपासलं. केनीवूडपासून दीडशेएक किलोमीटर. उंची ४१ फूट, सगळ्यात मोठा उतार ९ फुटांचा, वेग ताशी १६ किलोमीटर. मी हे मोठ्या उत्साहाने जेवताना सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्या वेगाने तर मामा पार्किंगमधून गाडी काढतो." मामा हसला. त्याचा चेहरा त्या दिवशी राइडवर काढलेल्या फोटोत फ्रिजवर लावलाय. डोळे मिटलेले, तोंड उघडं, दोन्ही हात वर. मळमळ कुठेही दिसत नाही.

काल रात्री ग्रुपवर सुधारलेला तक्ता आला. मेहुण्याने केलेला. सीडर पॉइंट मंगळवारी. पावसाचा रकाना बाराव्या जागी. अल्टूना सगळ्यात खाली, आणि त्यापुढे कंसात 'वेळ उरल्यास'. माझ्या नावासमोर, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक राइडपुढे एकच शब्द होता.

पर्स.